बंब, चिमणी आणि काजळी

गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला 'चिमणी' म्हटलं की तीन गोष्टी आठवतात. एक वळचणीला घरटं बांधणारी, दुसरी वीज गेल्यावर पेटवायची रॉकेलची आणि तिसरी गिरणीची, लालबाग-परळच्या आभाळात घुसलेली. आता चौथी आली आहे, गॅसच्या ओट्यावरची विजेची. तिची जाळी तेलकट झाली की फोन करायचा, माणूस येऊन साफ करून जातो. गेल्या महिन्यात तो येऊन गेला आणि मला आमचा बंब आठवला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप, मधोमध आरपार नळी. नळीत वरून कोळसे, ढलप्या, करवंट्या टाकायच्या. खाली जाळी, तिच्याखाली राख पडायला जागा. भोवतीचं पाणी तापलं की तोटी सोडून बादलीत घ्यायचं. रशियन समोवारची रचनाही हीच, तिकडे चहासाठी, आपल्याकडे आंघोळीसाठी. थोडक्यात, चूल आणि धुराडं एकाच नळीत.

त्यामुळे काजळीही तिथेच धरायची. पावसाळ्यात वखारीतलं लाकूड ओलं असे. ओल्या लाकडाची बरीच ताकद आपलंच पाणी उडवण्यात जाते, जाळ मंद राहतो, धूर अर्धवट जळतो. तो तांब्याला लागला की चिकटून बसतो, कारण पलीकडे पाणी असल्याने ते तांबं कधी फार तापतच नाही. काजळी उष्णता अडवते, म्हणून पाण्याला वेळ लागतो, म्हणून आणखी लाकूड, म्हणून आणखी काजळी. नळी फारच भरली की धूर मोरीत परततो आणि त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. आमच्याकडे मोरीचं दार लावून बंब पेटवायचा नाही असा कायदाच होता. हे रसायनशास्त्र घरात कुणाला माहीत नव्हतं, कायदा मात्र माहीत होता.

साफसफाई आजीकडे. काठीच्या टोकाला काथ्या बांधून ती नळी घासायची, काजळी खाली कागदावर झेलायची. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी तर बंबाचा थाट असे. चिंच आणि राखेने घासून लखलखीत, गळ्यात झेंडूची माळ. आम्ही मुलं माळेकडे बघायचो. आजी त्यानंतर दोन दिवस खोकायची, त्याकडे कुणी बघत नसे. बंब घासणं हे 'काम' आहे असं तेव्हा कुणी मोजलंच नव्हतं.

इंग्लंडात हे काम मोजलं गेलं, पण किती उशिरा! तिथे अरुंद चिमण्यांत लहान पोरं चढवत. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या सर्जनने काजळी आणि चिमण्या झाडणाऱ्यांना होणारा कर्करोग यांचा संबंध दाखवला. पोरांचं चढणं खऱ्या अर्थाने बंद पाडणारा कायदा आला १८७५ साली. पूर्ण शंभर वर्षांनी.

आता आपल्या तिसऱ्या चिमणीकडे येऊ. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या गिरणीची मुहूर्तमेढ रोवली आणि मग गिरणगावभर बॉयलर पेटले. बॉयलर म्हणजे तरी काय, भला मोठा बंबच. नळ्या, काजळी, वाया जाणारा कोळसा, सगळं तसंच. चिमणी उंच बांधायची ती ओढ मिळावी म्हणून आणि धूर लांब जावा म्हणून. पण लांब म्हणजे कुठे? पलीकडच्या चाळीवर. १९१२ साली सरकारला मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. १९१५ पासून खोपोलीहून टाटांची पाण्यावरची वीज गिरण्यांना मिळू लागली आणि हळूहळू कोळसा मागे पडला.

इथे गोष्ट आनंदात संपायला हवी होती. पण आणखी विजेसाठी मुळशीला धरण होऊ लागलं, आणि १९२१ साली मावळातले शेतकरी आपल्या जमिनीसाठी सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट त्यांच्या पुढे होते. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली. म्हणजे मुंबईचा धूर कमी झाला तो मावळातल्या माणसांच्या जमिनीवर. आमची काजळी झटकली जाते तेव्हा ती कुणाच्या तरी अंगावर पडते, हे मला या इतिहासातून कळलं.

म्हणूनच ९ जानेवारी २०२५ ची बातमी मी दोनदा वाचली. लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्या, असा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश. पावाच्या चवीवरून बरीच हळहळ झाली, मलाही वाटली. पण भट्टीसमोर रात्रभर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या छातीचं काय? आणि नव्या भट्टीचा खर्च छोट्या बेकरीवाल्याने एकट्यानेच का सोसायचा? माझ्या मते धूर जायलाच हवा. त्याची किंमत मात्र पाव खाणाऱ्या आपण सगळ्यांनी वाटून घ्यावी. दोन रुपये जास्त देऊन आपण काही मरत नाही.

असो. आमचा बंब पुढे मोडीत गेला, गीझर आला. तुमच्याकडे होता का बंब? आणि तो घासायचं कोण? मावशी, काका, आठवत असेल तर जरूर लिहा. नाव घालून लिहा.