उजेडाची सूत्रं कुणाच्या हाती? बीबीसीच्या ऐतिहासिक मालिकांची वाटचाल

पश्चिम लंडनमध्ये १९६० साली बीबीसीचं ‘टेलिव्हिजन सेंटर’ सुरू झालं. पुढची कित्येक वर्षं इंग्लंडचे राजे-राण्या प्रेक्षकांना कशा दिसाव्यात हे बऱ्याच अंशी या इमारतीच्या छतानं ठरवलं. स्टुडिओत चार-पाच कॅमेरे एकाच वेळी चालत, वरच्या नियंत्रणकक्षात बसून त्यांची दृश्यं तिथल्या तिथे जोडली जात. उजेड या सगळ्या कॅमेऱ्यांना एकदम पुरायला हवा, आणि दिव्याचा एकही स्टँड कुठल्याच कॅमेऱ्यात दिसता कामा नये. म्हणून दिवे छताच्या जाळीला टांगायचे. साहजिकच प्रकाश डोक्यावरून आणि सगळीकडून येई. राणीच्या शेजारी मेणबत्ती जळत असायची, पण ती शोभेपुरती.

यात कॅमेरामनचा आळस नव्हता. त्या काळचे नळीवाले रंगीत कॅमेरे भरपूर उजेड मागत. सावली जरा गडद झाली की तिथलं चित्र गढूळ व्हायचं आणि ज्योत हलली की तिच्यामागे पडद्यावर शेपूट उमटायचं. तरीही १९७० ची आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांची मालिका आणि १९७१ ची ग्लेंडा जॅक्सनची ‘एलिझाबेथ आर’ लोकांनी डोक्यावर घेतल्या. बीबीसी-१ वर रंग येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मखमल, मोती, भरतकाम रंगांत पाहण्याचं अप्रूप होतं, आणि झगझगीत उजेडात ते सगळं स्वच्छ दिसे.

खरी गंमत बागेत गेल्यावर व्हायची. बीबीसीनं १९५५ साली ईलिंगचा जुना सिनेमा स्टुडिओ विकत घेऊन तिथे फिल्मवाल्यांचा स्वतंत्र विभाग बसवला होता. त्यामुळे बाहेरची दृश्यं १६ मिलिमीटर फिल्मवर आणि आतली व्हिडिओवर. राणी दारातून बाहेर पडली की चित्र दाणेदार, परत आत आली की गुळगुळीत. ‘मॉन्टी पायथन’च्या मंडळींनी याच जोडावर एक प्रहसनच रचलं: खोलीतली माणसं बाहेर डोकावतात आणि आपल्याला फिल्मनं वेढलंय म्हणून घाबरतात! दोन खात्यांमधली भिंत पडद्यावर इतकी उघडी पडलेली क्वचितच पाहायला मिळते.

१९७६ च्या ‘आय, क्लॉडियस’नं हा प्रश्न बाहेर न जाताच सोडवला. अख्खं रोमन साम्राज्य स्टुडिओत. आखाड्यातले खेळ दाखवायचे तर आखाडा दाखवायचाच नाही. प्रेक्षकांत बसलेल्या राजघराण्याचे चेहरे दाखवायचे आणि गर्दीचा आवाज ऐकवायचा. माझ्या मते स्टुडिओ पद्धतीचा हा कळस. जे जमत नाही ते लपवण्याऐवजी दिग्दर्शक हर्बर्ट वाइज यांनी तीच मालिकेची शैली केली.

नंतरचा बदल मोजायचा तर जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ घ्या. बीबीसीची १९८० ची मालिका व्हिडिओवर, १९९५ ची सुपर १६ फिल्मवर, एका कॅमेऱ्याच्या धाटणीनं, खऱ्या वाड्यांमध्ये. जॉन केनवे यांच्या छायालेखनात उजेडाला दिशा आली. तोवर ईलिंग विकूनही झालं होतं. २००५ ची ‘ब्लीक हाउस’ पुन्हा व्हिडिओकडे वळली, पण आता तो डिजिटल हाय-डेफिनिशन होता.

मग २०१५ ची ‘वुल्फ हॉल’. हिलरी मँटेलच्या कादंबऱ्या, पीटर कोझमिन्स्की यांचं दिग्दर्शन, गॅव्हिन फिनी यांचं छायालेखन. चित्रीकरण मॉन्टेक्यूट, बॅरिंग्टन कोर्ट, लॅकॉक अशा जुन्या वास्तूंमध्ये. रात्रीचे प्रसंग मुख्यतः मेणबत्त्यांवर घेतले आणि दिवसाचा उजेड खिडकीतून आत सोडला. स्टॅन्ली कुब्रिकला ‘बॅरी लिंडन’मध्ये (१९७५) असंच करायचं होतं, तेव्हा त्यानं एफ ०.७ छिद्राची, मुळात नासासाठी घडवलेली झाइस भिंगं मिळवली होती. फिनींना तेवढा आटापिटा करावा लागला नाही. अ‍ॅलेक्सा कॅमेऱ्याचा सेन्सर आणि लायकाची टी १.४ ची भिंगं कमी उजेडात पुरेशी होती. छिद्र एवढं उघडं ठेवलं की फोकसची खोली मात्र बोटभर उरते. त्यात कॅमेरा हातात, आणि आठव्या हेन्रीचा मंत्री क्रॉमवेल झालेला मार्क रायलन्स हलतोय. फोकस ओढणाऱ्या सहाय्यकाचं नाव अशा वेळी कुणी घेत नाही, पण त्या चित्राचा निम्मा जीव त्याच्या हातात असतो.

छतावर दिवेच नसल्यानं नट कुठेही वळू शकत होते, कॅमेरा त्यांच्या मागून फिरू शकत होता. क्रॉमवेल कोपऱ्यात उभा राहून ऐकतो, अर्धा चेहरा अंधारात. दरबारात कोण काय ऐकतंय याचा कुणालाच पत्ता नाही, ही कादंबरीतली धास्ती आपोआप चित्रात उतरते. काही प्रेक्षकांनी मात्र तक्रार केली: काही दिसतच नाही! ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. भर उजेडाच्या दिवाणखान्यात टीव्ही पाहणाऱ्यानं आपल्या खोलीचे दिवे मालवावेत, हे गृहीत धरण्याचा हक्क छायालेखकाला कुणी दिला?

ही मालिका बीबीसीनं स्वतःच्या स्टुडिओत घडवली नव्हती. बाहेरच्या निर्मितीसंस्थांनी बीबीसीसाठी केली होती. टेलिव्हिजन सेंटर तर २०१३ मध्येच बीबीसीनं सोडलं होतं. छत गेलं, आणि त्याबरोबर घरचं भांडवल नि कायमचा नोकरवर्गही. याची किंमत २०२४ च्या दुसऱ्या पर्वात कळली. पैसे जुळेनात म्हणून दिग्दर्शक, लेखक, निर्माता आणि प्रमुख नट यांनी आपल्या मानधनाच्या मोठ्या भागावर पाणी सोडलं, असं कोझमिन्स्की यांनीच सांगितलं. पटकथेतली बाहेरची बरीच दृश्यं, घोडेस्वारांच्या भाल्यांच्या लढतींसकट, गाळावी लागली. उरली ती खोल्यांत बोलणारी माणसं. फिनी पुन्हा त्याच कामाला लागले: कुणाच्या चेहऱ्याची कुठली बाजू अंधारात ठेवायची.