‘कारण’ नावाचा रकाना : नशा, तारुण्य आणि गुन्हा

जबलपूरचा सिव्हिल लाइन्स हा भाग ब्रिटिश अंमलदारांच्या वास्तव्याची खूण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जबलपूर व मराठीभाषक नागपूर ही दोन्ही शहरे मध्यप्रांतात मोडत, आणि दोहोंत वेड्यांची सरकारी इस्पितळे होती. अशा इस्पितळांच्या नोंदवह्यांत वेडाचे ‘कारण’ लिहिण्यासाठी एक रकाना असे. नशा आणि गुन्हा यांच्या नात्याचा इतिहास पाहताना या रकान्यापासून आरंभ करणे उचित ठरेल.

भांग-गांजाच्या चौकशीसाठी हिंदुस्थान सरकारने १८९३ साली आयोग नेमला. देशभरच्या इस्पितळांत १८९२ मध्ये २२२ रुग्णांच्या वेडाचे कारण गांजा वा तत्सम पदार्थ असे नोंदलेले होते. आयोगाने ही प्रकरणे नव्याने तपासली, तेव्हा केवळ ९८ प्रकरणांत तसा संबंध मान्य करता आला. रुग्णास अनेकदा पोलीस आणीत. त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसे. रिकामा रकाना ‘गांजा’ या शब्दाने भरला जाई. गुन्ह्याबाबतही, मर्यादित सेवनाचा गुन्हेगारीशी संबंध आयोगास आढळला नाही. याच प्रांतात खंडव्याकडे सरकारी देखरेखीखाली गांजा पिके व त्यावर महसूल मिळे, हेही विसरता येत नाही.

म्हणून हा संबंध निव्वळ कल्पित होता काय? राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ वेगळे उत्तर देते. गडकरी १९१९ च्या जानेवारीत मध्यप्रांतातीलच सावनेर येथे निवर्तले. नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले. तरुण वकील सुधाकर प्रथम मानहानी सोसतो, मग पेला हाती घेतो. गुन्हा सर्वांत शेवटी घडतो. मरणासन्न सिंधू मात्र पोलिसांपुढे पतीस वाचविणारा जबाब देते. नोंदवहीत नसलेले कारण लिहिले जाई; येथे असलेले कारण दप्तराबाहेर राहते.

पॉल गोल्डस्टीन यांनी १९८५ साली या संबंधाचे तीन मार्ग वेगळे केले : पदार्थाचा देहमनावरील परिणाम, व्यसनासाठी लागणारा पैसा आणि अवैध व्यापारातील हिंसा. सुधाकर पहिल्या मार्गाचा प्रवासी. पुड्या पोचविणारा आजचा मुलगा बहुधा तिसऱ्याचा. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने बालकास अमली पदार्थ देणाऱ्यास आणि त्यांच्या विक्री-वाहतुकीसाठी त्याला वापरणाऱ्यास सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची तरतूद केली. म्हणजे अशा मुलाच्या मागे उभा असलेला प्रौढ कायद्याला दिसू लागला आहे.

याच अधिनियमानुसार परिवीक्षा अधिकारी अशा मुलाविषयी सामाजिक अन्वेषण अहवाल सिद्ध करतो. घर, शाळा, सोबती, सवयी यांची नोंद त्यात अपेक्षित असते. जुन्या रकान्याचा हा विस्तृत वारस होय. तेथे ‘व्यसनी’ एवढाच शब्द उतरला, तर १८९२ चीच चूक पुन्हा होईल. आणि तिची किंमत एका अल्पवयीन मुलाला मोजावी लागेल. पेल्याआधीचा सुधाकर वाचण्याची सवय ज्या अभ्यासकांना साहित्याने लावली, त्यांनी हे अहवालही संहिता म्हणून वाचावयास हवेत.