पाठ टाचणातल्या रकान्याची कुळकथा

बी.एड.च्या पाठ टाचणात ‘पूर्वज्ञान’ असा एक रकाना असतो. मुलांना आधीचं काय ठाऊक आहे, ते तिथे लिहायचं. बहुतेक जण तो हातासरशी भरून टाकतात. त्याचं मूळ एका जर्मन तत्त्वज्ञाने वापरात आणलेल्या फ्रेंच शब्दात आहे: अ‍ॅपरसेप्शन.

‘लक्षात येणे’ या अर्थाचं क्रियापद फ्रेंचमध्ये होतंच; लायब्निझने त्याचं नाम केलं. वाद देकार्तच्या अनुयायांशी होता. जाणवत नाही ती संवेदनाच नव्हे, असं ते धरून चालत. लायब्निझचं म्हणणं, समुद्राची गाज ऐकू येते त्या अर्थी प्रत्येक लाटेचा आवाज कानावर पडलेला असणारच. एकेक लाट वेगळी कळत नाही, इतकंच. लाख शून्यं मिळवून गाज होत नाही. गिरणीशेजारी राहणाऱ्याला तिची घरघर ऐकू येईनाशी होते, म्हणून त्याचे कान बंद झालेले नसतात. संवेदना वेगळी, तिची दखल वेगळी. हा भेद त्याने 1714 च्या ‘मोनॅडॉलॉजी’त मांडला. समुद्राचं उदाहरण मात्र इंग्रज तत्त्वज्ञ लॉकला उत्तर म्हणून लिहिलेल्या ग्रंथात आहे. लॉक 1704 मध्ये वारला, आणि मेलेल्या माणसाशी वाद नको म्हणून लायब्निझने तो ग्रंथ छापलाच नाही. तो निघाला 1765 मध्ये.

कांटने 1781 मध्ये या शब्दाला फार वर नेऊन बसवलं: विखुरलेले अनुभव ज्या ‘मी’मुळे माझे ठरतात, त्या ‘मी’चं भान. पुढे 1809 मध्ये त्याच्याच अध्यासनावर हर्बार्ट आला आणि त्याने तो ‘मी’च बाजूला सारला! मनात साठलेल्या कल्पना नव्या कल्पनेला आपल्यात ओढून घेतात, हेच त्याचं अ‍ॅपरसेप्शन. तत्त्वज्ञान म्हणून मला हे जरा रुक्ष वाटतं, पण वर्गात उपयोगी पडलं ते हेच. त्याने अध्यापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या. झिलर आणि राइन या अनुयायांच्या हातून त्यांच्या पाच झाल्या. आपल्याकडची ‘हर्बार्टची पंचपदी’ ती हीच, आणि ‘पूर्वज्ञान’चा रकानाही याच विचारातून आलेला.

लाइपझिगला 1879 मध्ये प्रयोगशाळा काढणाऱ्या वुंटने शब्द पुन्हा अवधानाकडे वळवला. नजरेच्या टप्प्यात काही आलं की संवेदना, नजर त्यावर खिळली की अ‍ॅपरसेप्शन. आज तो मुख्यत्वे उरलाय एका चाचणीच्या नावात. हार्वर्डमध्ये मरे आणि मॉर्गन यांनी ती 1930 नंतरच्या दशकात तयार केली. लष्करी अधिकारी होऊ पाहणारी मुलं एसएसबीसाठी चित्रांवरून कथा लिहायचा सराव करतात, ती ही ‘टॅट’, म्हणजे थिमॅटिक अ‍ॅपरसेप्शन टेस्ट. त्यातला ‘ए’ लायब्निझचा.