मोगली सेनगावात आला तेव्हा

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढची दहा वर्षं मुंबई-पुण्याची पोरं ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम बघत वाढली. सेनगावच्या पोरांना त्याचा पत्ताही नव्हता. गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं; हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. मुंबईच्या लहरी इथवर पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

चित्र पालटलं ते आकाशातून. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह सोडला गेला आणि १९८४ पासून देशभर शंभर वॅटचे छोटे ट्रान्समीटर धडाक्यात उभे राहू लागले. पण त्यांचा पल्ला जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर. त्यापलीकडच्या गावांत मग खरी कसरत. उंच बांबूला अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना बांधायचा, एकाने माळवदावर चढून तो फिरवायचा, खालून दुसऱ्याने ओरडायचं, ‘आलं, आलं... गेलं!’ पडद्यावर मुंग्याच मुंग्या. ऐन रविवारी लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून ब्लॅक-अँड-व्हाईट पोर्टेबल सेटला जोडली जाई.

ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीत अर्धी गल्ली. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवार सकाळची शेतीची कामं पुढे ढकलली जाऊ लागली. मुलांचा खरा रविवार मात्र १९९३ मध्ये उगवला, ‘जंगल बुक’ घेऊन. कार्टून जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनचं, शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा! मूळ गोष्ट लिहिणाऱ्या किपलिंगने मोगलीला ठेवलं ते सिवनीच्या रानात, म्हणजे नागपूरच्या शेजारी. विदर्भाच्या सीमेवरची गोष्ट इंग्लंड-जपान फिरून मराठवाड्यात आली.

आली ती हिंदी बोलतच. छोटे ट्रान्समीटर मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम दाखवत. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिलेल्या या मुलखाच्या कानाला हिंदी-उर्दू नवी नव्हती. पोरांना बगीराचं बोलणं समजावून सांगावं लागलं नाही. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’वर राजदत्तांनी सुरेख मराठी मालिका केली, पण ती हाडामांसाच्या माणसांची. ‘एक अनेक और एकता’ हा चिमण्या-जाळ्याचा कार्टूनपट विजया मुळे यांनी १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी केला. बाई मराठी, भाषा मात्र हिंदी. त्या पिढीच्या आठवणीतली कार्टून्स मराठी बोलत नाहीत, त्याचं कारण असं सरकारी प्रक्षेपणातच आहे.

कार्टून नेटवर्क भारतात आलं १९९५ मध्ये, पण ते केबल असलेल्यांसाठी. शहरातली मुलं टॉम-जेरीवर हसत होती, तेव्हा खेड्यातली १३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर सुरू झालेल्या मालिकेतल्या ‘शक्तिमान’सारखी गरगर फिरून धडपडत होती. म्हणूनच नव्वदीच्या बालपणाच्या याद्या वाचताना एक भान ठेवायला हवं: त्यातल्या निम्म्या गोष्टी सेनगावसारख्या गावांनी पाहिल्याच नाहीत आणि जे पाहिलं, ते एकट्याने नाही.

पुढे डिश आली, मग मोबाईल. गरज संपल्यावर प्रसार भारतीने मोजकी ठिकाणं वगळून २०२२ पर्यंत देशभरातले जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद करून टाकले.