हीटर लावायचा नाही

परवा माळा साफ करताना जर्मनीतल्या ऑनसाइटच्या दिवसांची एक वही सापडली. निम्मी वही हिशोबाची, आणि मधल्याच एका पानावर फ्लॅटमधल्या साथीदाराच्या अक्षरात सूचना: हीटर लावायचा नाही. खडे टाकायचे नाहीत. पाणी तापलं तर बर्फाची बाटली!

तो दोन आठवडे सुट्टीवर गेला आणि त्याचा ॲक्सोलॉटल माझ्या गळ्यात पडला. ॲक्सोलॉटल म्हणजे मेक्सिकोतला सॅलॅमँडर. दिसायला पालीसारखा, पण जात बेडकाची, म्हणजे उभयचर. (आपल्या सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीत. भारतातले सापडतात ते दार्जिलिंग-सिक्कीमकडे आणि ईशान्येत.) याला १६ ते १८ अंश पाणी लागतं. तो तोंड उघडून अन्न आत ओढून घेतो, त्यामुळे तळाला खडे असले तर तेही पोटात जातात. छोटे मासे ठेवले तर ते याचे पिसांसारखे कल्ले कुरतडतात. आणि टाकी भरली की लगेच प्राणी सोडायचा नसतो. अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये जमायला काही आठवडे द्यावे लागतात. आधी टेस्टिंग, मग रिलीज :)

तिसऱ्याच दिवशी उन्हाळ्याची लाट आली. पाणी २३ अंशांवर गेलं, आणि गांडूळ तोंडासमोर धरलं तरी साहेब हलेनात. दर चार तासांनी गोठवलेली बाटली बदलत बसलो. त्या रात्री जागरणाला सोबत म्हणून या प्राण्याबद्दल वाचायला घेतलं, आणि कळलं की याचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे खरं तर टाक्यांचाच इतिहास आहे.

१८६४ मध्ये फ्रेंच फौजा मेक्सिकोत होत्या. तिथून ३४ जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला आले. त्यातले सहा, पाच नर आणि एक मादी, तिथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात ऑग्युस्त द्युमेरिल यांच्याकडे गेले. १८६५ मध्ये त्यांना पिल्लं झाली. इथवर ठीक. पण पुढे त्यातल्या काही पिल्लांचे कल्लेच गळून गेले आणि जमिनीवर राहणारा वेगळाच सॅलॅमँडर तयार झाला. म्हणजे आईबाप जन्मभर 'बाळ' राहूनच संसार करत होते! कुविए या मोठ्या शास्त्रज्ञाला ॲक्सोलॉटल ही कुणाची तरी अळी-अवस्था असावी असा संशय फार आधीपासून होता. तो असा खरा ठरला.

द्युमेरिल यांच्याकडची पिल्लं युरोपभर गेली. ती सगळीच काही प्रयोगशाळांत गेली नाहीत. घरात काचेच्या टाक्या ठेवायची तेव्हा टूम होती, आणि ॲक्सोलॉटल जगवण्यात या हौशी मंडळींचा वाटा मोठा होता. शास्त्राच्या पुस्तकांत त्यांची नावं क्वचितच येतात.

एक नाव मात्र आलं. फ्रायबुर्गचे प्राध्यापक ऑगस्ट वाइझमन यांना हे रूपांतर मुद्दाम घडवून आणायचं होतं, पण त्यांना ते काही केल्या जमेना. मग त्यांनी पिल्लं मारी फॉन शोविन या बाईंकडे सोपवली. बाईंनी १८७४ मध्ये काय केलं? तर टाकी बदलली. पिल्लं नीट वाढवली, मग पाणी इतकं उथळ केलं की त्यांना पूर्ण बुडताच येऊ नये, आणि कडेला ओलं शेवाळ ठेवलं. कल्ले आटले, कात पडली, आणि प्राणी चालत शेवाळावर आले. वाइझमन यांनी १८७५ च्या निबंधात त्यांना मोकळेपणाने श्रेय दिलंय. पण उत्क्रांतीवरचा मोठा सिद्धांत त्यांचा आणि रोजचं पाणी बघणं बाईंचं, ही वाटणी मला खटकते. हातात बाटली होती म्हणून जास्तच खटकली असेल.

आज आपल्याला माहीत आहे की सगळा खेळ थायरॉइडच्या हार्मोनचा आहे. १९२० मध्ये ज्यूलियन हक्स्ली यांनी थायरॉइड खाऊ घालून हेच रूपांतर करून दाखवलं. नुसतं पाणी कमी करून ते सहसा होत नाही, म्हणून बाईंच्या चिकाटीचं कौतुक अधिकच वाटतं.

इकडे टाक्या भरत गेल्या आणि तिकडे मेक्सिको सिटीजवळचं सोचिमिल्को आटत गेलं. तलाव जाऊन कालवे उरले. त्यात कार्प आणि तिलापिया मासे सोडले गेले, पाणी घाण झालं. १९९८ च्या गणनेत तिथे चौरस किलोमीटरला सुमारे ६००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ मध्ये जेमतेम ३६.

मग टाकीतले नेऊन सोडा की परत! इतकं सोपं नाही. टाकीतली वंशावळ मूठभर प्राण्यांपासून सुरू झालेली. शिवाय १९६० च्या दशकात अमेरिकेत रूफस हम्फ्री यांनी पांढऱ्या टायगर सॅलॅमँडरशी संकर करून त्यात अल्बिनो जनुक आणलं. आज सोनेरी ॲक्सोलॉटल सर्रास मिळतात, ते या संकराच्या वंशातले.

आमच्या स्वयंपाकघरातला सोनेरीच होता. पाचव्या दिवशी पाणी १८ वर आलं आणि त्याने गांडूळ गिळलं. साथीदार परतल्यावर म्हणाला, "बघ, अस्सल मेक्सिकन, चिवट असतात." मी काही बोललो नाही.