तेल संपल्यानंतरचा डबा

१८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक याने जमिनीतून खनिज तेल उपसले आणि पुढील काही दशकांत, समईत करंजेल किंवा करडईचे तेल जाळून रात्रीची सोय करणाऱ्या आपल्या मुलखात रॉकेल येऊन पोहोचले, हा दिव्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु ज्या डब्यातून ते तेल आले त्याची हकीगत लिहून ठेवण्याची कोणाला फारशी आवश्यकता भासली नाही, आणि प्रपंचाच्या दृष्टीने ती दिव्याच्या इतिहासाहून तिळमात्र कमी महत्त्वाची आहे असे मला वाटत नाही.

लांबच्या समुद्रप्रवासात लाकडी पिंपांतून तेल पाझरे, म्हणून पाच अमेरिकन गॅलन मावतील असे, कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे चौकोनी डबे करून, दोन-दोन डबे एकेका लाकडी खोक्यात बसवून पूर्वेकडे धाडण्याची तजवीज व्यापाऱ्यांनी केली. या डब्याची खरी किंमत त्यांच्यापैकी एकाला फार उशिरा कळली. पुढे 'शेल' कंपनी स्थापन करणाऱ्या लंडनच्या मार्कस सॅम्युअलने १८९२ साली 'म्युरेक्स' नावाची आगबोट काळ्या समुद्रावरील बाटूम बंदरात सुट्या तेलाने भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे रवाना केली. डब्यांचा व खोक्यांचा खर्च वाचून आपले तेल स्वस्त पडेल आणि गिऱ्हाईक आपापली भांडी घेऊन दुकानी येईल, असा त्याचा हिशेब होता. तो चुकला. गिऱ्हाइकाला अमेरिकन कंपनीचा निळा डबाच हवा होता, कारण तेल जळून जाई, डबा मात्र घरात राही. अखेर सॅम्युअलला जहाजभर पत्रा पाठवून तिकडेच लाल डबे तयार करवावे लागले. सामान्य रयतेच्या गृहव्यवहाराने एका बलाढ्य सावकाराला आपली रीत बदलावयास लावावी, ही घटना मला त्या काळच्या कित्येक लढायांहून अधिक अभ्यसनीय वाटते.

आपल्याकडे तर या डब्याने संसारातील किती कामे पत्करली! वरचा पत्रा कापून, कडा ठोकून बोथट करून, तोंडावर आडवी लाकडी दांडी खिळ्यांनी बसवली की पाण्याची बादली तयार होई. तीत सुमारे ४० पौंड पाणी राही. असे दोन डबे बांबूच्या टोकांना अडकवले की कावडीत जवळजवळ मणभर पाणी येई, आणि भार दोहींकडे सारखा असल्यामुळे वाहणाऱ्याचा तोल ढळत नसे. तीन दगडांच्या चुलीवर त्यातच स्नानाचे पाणी तापे. सांध्यांना डाग दिलेला असल्यामुळे आत पाणी आहे तोवर भय नसे, परंतु कोरडा डबा विस्तवावर राहिला तर डाग वितळून सांधा उकलेल, हे घरातील पोरासोरांनाही ठाऊक असे. राखेने घासून, उन्हे देऊन वास घालवला की त्यात ज्वारीची, डाळींची बेगमी होई आणि उंदरांना तेथे शिरकाव नसे. चारही बाजू उलगडून सपाट केल्या की सुमारे ३७ इंच लांब व १४ इंच रुंद पत्रा हाती येई. तो झोपडीच्या छपरास लागे, किंवा पत्र्याचे काम करणारा कारागीर त्यातून नरसाळे, चाळण, किसणी आणि पुन्हा रॉकेलवरच जळणारी चिमणी घडवी.

एक उपयोग मात्र स्मरताना मन खिन्न होते. शौचकूपांतील मैला ज्यांना जातीच्या जुलमामुळे वाहावा लागला, त्यांच्या डोक्यावरही हाच डबा होता; त्याला गृहस्थांच्या कल्पकतेत जमा धरणे अन्यायाचे, आणि या हकीगतीतून गाळणे त्याहून अन्यायाचे होईल.

लाकडी खोक्याचे आयुष्य तुलनेने अल्प ठरले. चाळींतून व वाड्यांतून एकावर एक रचलेली खोकी हेच विद्यार्थ्यांचे पुस्तकांचे फडताळ असे, आणि पालथे घातलेले खोके लिहिण्याचे मेज होई. पुढे तेल मोठाल्या टाक्यांत उतरवून बंदरावरच डब्यांत भरू लागले, तेव्हा समुद्रप्रवासासाठी केलेल्या खोक्याचे प्रयोजन उरले नाही आणि ते हळूहळू बाजारातून नाहीसे झाले. डबा मात्र टिकला. १९३७ साली बाजारात आलेल्या डालडा तुपाचे डबेही त्याच्या जोडीला येऊन बसले आणि तुळशी-कढीलिंबाची रोपे लावण्यासाठी शेजारपाजारच्या बायका ते हक्काने मागून नेऊ लागल्या.