मॉस्कोचा नगरप्रमुख कोणाचा?

क्रेमलिनपासून वायव्येकडे त्वेर्स्काया नावाचा राजरस्ता निघतो. त्या रस्त्यावरील तेरा क्रमांकाची तांबड्या भिंतींची आणि पांढऱ्या खांबांची भव्य वास्तू आज मॉस्कोच्या महापौरांचे कार्यालय आहे. मात्वेई कझाकोव या स्थपतीने ती १७८२ साली उभी केली, परंतु नगरवासीयांसाठी नव्हे. राजसिंहासनाने मॉस्कोवर नेमलेल्या गव्हर्नर जनरलचे ते निवासस्थान होते. लोकांनी निवडलेल्या नगरसभेची, म्हणजे दूमाची, इमारत निराळी. लाल विटांची ती इमारत रेड स्क्वेअरच्या तोंडाशी १८९२ साली पूर्ण झाली. या दोन घरांत पायी जावयास फार वेळ लागत नाही, तरी त्यांमधले अंतर ओलांडण्यात मॉस्कोच्या नगरकारभाराचा सारा इतिहास खर्ची पडला आहे.

सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरिनने १७८५ साली शहरांना सनद दिली आणि नगरवासीयांचे सहा वर्ग पाडून प्रत्येकाला दूमात जागा दिली. कागदावर ही रचना मोठी डौलदार होती. प्रत्यक्षात अधिकारी सांगतील त्यास रुकार देण्यापलीकडे दूमाच्या हाती फारसे काही नव्हते. खरा पालट झाला तो १८७० च्या कायद्याने. दूमाचे सभासद चार वर्षांसाठी निवडले जाऊ लागले. त्यांना ‘ग्लास्नी’ म्हणत. ज्याला सभेत आवाज आहे, तो ग्लास्नी. हे सभासद ‘गोलोवा’ निवडीत. या शब्दाचा साधा अर्थ ‘डोके’. दूमाच्या सभेचे अध्यक्षपद आणि ‘उप्रावा’ या कार्यकारी मंडळाचे प्रमुखपद ही दोन्ही त्याच्याकडेच असत. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने कारभाराची सूत्रे सरकारनियुक्त आयुक्ताच्या हाती दिली, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. मॉस्कोत मात्र निवडून आलेला माणूसच शहर चालवी. अट एवढीच, की त्याच्या निवडीवर झारची संमती हवी. या एका अटीने पुढे काय काय घडविले, ते पाहण्यासारखे आहे.

बोरिस चिचेरिन हे नामांकित कायदेपंडित १८८२ साली गोलोवा झाले. ते क्रांतिकारक मुळीच नव्हते. किंबहुना बळकट राजसत्तेचे ते पुरस्कर्तेच होते. १८८३ च्या मे महिन्यात तिसऱ्या अलेक्झांडरच्या राज्याभिषेकासाठी गावोगावचे नगरप्रमुख मॉस्कोत जमले होते. त्यांच्या मेजवानीत चिचेरिन यांनी स्थानिक संस्थांनी एकत्र यावे, म्हणजे सरकारलाही त्यांचे साहाय्य घेता येईल, अशा अर्थाचे भाषण केले. दरबाराला त्यात राज्यघटनेच्या मागणीचा वास आला. झारची इच्छा त्यांना कळविण्यात आली आणि त्याच वर्षी चिचेरिन पदावरून दूर झाले. नगरसभेने त्यांना काढले नव्हते. नगरसभेला कोणी विचारलेही नव्हते.

त्यानंतर १८८५ साली आलेले निकोलाय अलेक्सेयेव निराळ्या धातूचे होते. हे व्यापारी घराण्यातले; नाट्याचार्य स्तानिस्लावस्की यांचे चुलतभाऊ. व्याख्यानांपेक्षा त्यांना नळ आणि गटारे अधिक प्रिय. त्यांच्या कारकिर्दीत मितिश्ची येथील झऱ्यांचे पाणी शहरात आणणारी नवी योजना पुरी झाली, नगराचा कत्तलखाना बांधला गेला, सांडपाण्याच्या भुयारी नळांचे काम हाती घेण्यात आले आणि दूमाची लाल इमारतही उठली. १८९२ साली पावेल त्रेत्याकोव यांनी आपला जगप्रसिद्ध चित्रसंग्रह अर्पण केला, तो झारला नव्हे, मॉस्को नगराला. नगराची पत किती वाढली होती, हे त्यावरून दिसते. वेड्यांच्या इस्पितळासाठी अलेक्सेयेव वर्गणी मागत हिंडत. एका धनिकाने ‘माझ्या पाया पडशील तर देतो’ असे म्हणताच ते भर लोकांत त्याच्या पाया पडले आणि पैसे घेऊनच उठले, अशी आख्यायिका आहे. १८९३ च्या मार्चमध्ये दूमाच्या इमारतीतच एका मनोरुग्णाने त्यांच्यावर पिस्तूल झाडले आणि दोन दिवसांनी ते वारले. ज्या इस्पितळासाठी त्यांनी जिवाचे रान केले, ते दुसऱ्या वर्षी उघडले. आज त्याला त्यांचेच नाव आहे.

इकडे १८९२ च्या नव्या कायद्याने नगरसभेचे पंख छाटले होते. मताचा हक्क मुख्यतः मोठ्या मालमत्तेशी बांधला गेल्याने दहा लाख वस्तीच्या शहरात मतदार उरले काही हजार. एवढ्या निवडक, सुखवस्तू मंडळींची निवड तरी सरकारास मानवावी! पण तसेही झाले नाही. १९१३ साली दूमाने प्रिन्स ग्येओर्गी ल्वॉव यांना गोलोवा निवडले. सरकारने मान्यता नाकारली. कारभार काळजीवाहू माणसाकडे राहिला आणि दूमाला मान्यताप्राप्त प्रमुख मिळावयास १९१४ चे युद्ध सुरू व्हावे लागले. मॉस्कोचे पाणी आणि दिवाबत्ती सांभाळण्यास जे नालायक ठरले, तेच ल्वॉव १९१७ च्या मार्चमध्ये झारशाही कोसळताच साऱ्या रशियाचे पंतप्रधान झाले.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मॉस्कोत स्त्रियांसह सर्व प्रौढांनी प्रथमच नगरसभेसाठी मतदान केले. समाजवादी क्रांतिकारक पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले आणि वादिम रुदनेव गोलोवा झाले. ही सभा जेमतेम चार-पाच महिने जगली. नोव्हेंबरात मॉस्कोच्या रस्त्यांवरील लढाई बोल्शेविकांनी जिंकली आणि दूमा बरखास्त झाली.

आता अधिकार आला ‘मॉससोव्हिएत’कडे, आणि तिचे बिऱ्हाड पडले गव्हर्नर जनरलच्या वाड्यात. लाल इमारतीत १९३६ साली लेनिनचे संग्रहालय भरले. सोव्हिएतच्या सभासदांची संख्या मोठी, बैठका मात्र थोड्या. रोजचा कारभार तिची कार्यकारी समिती पाही. पण तिच्याही वर कम्युनिस्ट पक्षाची नगरसमिती असे आणि शेवटचा शब्द तिच्या प्रथम सचिवाचा. भुयारी रेल्वे, नवे रस्ते, जुन्या चर्चांचा पाडाव या १९३० नंतरच्या उलथापालथीमागे नावे दिसतात ती कागानोविच आणि क्रुश्चेव्ह या पक्षसचिवांची. त्वेर्स्काया रुंद करताना १९३९ साली तो वाडा पायासकट सुमारे चौदा मीटर मागे सरकविण्यात आला, आणि पुढे त्यावर आणखी मजले चढले. घर हलले, पण त्यातील माणसाला हुकूम बाहेरूनच येत राहिले. १९८५ साली सचिव झालेले बोरिस येल्त्सिन बसने फिरत, दुकानांत शिरून मालाची चौकशी करीत. लोक खूश होते, पक्ष नव्हता. १९८७ च्या नोव्हेंबरात त्यांनाही काढण्यात आले.

१२ जून १९९१ रोजी मॉस्कोने आपला पहिला महापौर थेट मतदानाने निवडला. गावरील पोपोव हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. वर्षभरातच त्यांनी राजीनामा दिला आणि येल्त्सिन यांच्या हुकुमाने उपमहापौर युरी लुझकोव त्या जागी आले. १९९३ च्या ऑक्टोबरात मॉससोव्हिएत बरखास्त झाली आणि ३५ सभासदांची छोटी दूमा आली. २०१४ पासून ती ४५ सभासदांची आहे. लुझकोव पुढे तीनदा प्रचंड मतांनी निवडून आले. परंतु २००४ च्या कायद्याने प्रांतप्रमुखांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. मॉस्को हे नगर असूनही घटनेने प्रांताच्या दर्जाचे असल्याने तो नियम त्यालाही लागला. २०१० च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी ‘विश्वास गमावला’ या कारणावरून लुझकोव यांना दूर केले. चिचेरिन यांच्यानंतर सव्वाशे वर्षांनी पुन्हा तेच.

निवडणुका २०१२ साली परतल्या, परंतु चाळणी लावून. उमेदवाराला प्रभागांतील लोकनियुक्त सभासदांच्या सह्या मिळवाव्या लागतात. २०१३ साली विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांना त्या पुरेशा मिळाल्या, त्या सत्तारूढ महापौर सेर्गेई सोब्यानिन यांनी आपल्या बाजूच्या सभासदांना सांगितले म्हणून! सोब्यानिन यांना ५१ टक्के मते पडली, नवाल्नींना २७. दुसरी फेरी थोडक्यात टळली. सोब्यानिन २०१८ आणि २०२३ मध्येही निवडून आले. नवाल्नी २०२४ साली तुरुंगात मरण पावले.

शहराचे बारा ‘ओक्रुग’ आहेत. त्यांवरील प्रीफेक्ट आणि त्याखालील प्रभागांचे कारभारी महापौरच नेमतात. प्रभागांच्या सभा लोकनियुक्त खऱ्या, पण त्यांचा पैसा आणि अधिकार दोन्ही तुटपुंजे. २०११ पासून मॉस्कोकरांना ‘आपले शहर’ नावाच्या संकेतस्थळावर रस्त्यातला खड्डा किंवा अंगणातला बंद दिवा कळविता येतो. तक्रार थेट महापौरांच्या यंत्रणेकडे जाते आणि ठराविक दिवसांत उत्तर येते. खड्डाही बहुधा बुजतो. तक्रारीच्या या वाटेवर प्रभागाचा निवडलेला सभासद कोठेच लागत नाही.